वारेची गोळी

बाळ बहुधा एकच जन्माला येतं, किस्से मात्र जुळे-तिळे येतात. बुऱ्हाणपूरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी इतकी वर्षं सिस्टर आहे, की कुठल्या लग्नाला गेले तरी बायका माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात. "मीनाताई, नवीन काय?" नावं मी बदलूनच सांगते. आज वारेचे किस्से सांगते. वार म्हणजे बाळाच्या मागून पडते ती. आमच्याकडे बरेच जण ती मागून नेतात आणि शेतात पुरतात.

*

तुकईथडचा एक नवा बाप वार न्यायला मडकं घेऊन आला. मी वार त्यात घालून मडक्याच्या तोंडाला लाल फडकं बांधून दिलं. मुलगी झाल्याच्या आनंदात गडी ते मडकं बसमध्येच विसरून उतरला! धावतपळत स्टँडवर गेला, तर कंडक्टरनं ते जपून पुढच्या सीटवर ठेवलेलं. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"एका बाईनं वाहिलं," कंडक्टर म्हणाला. "कोणत्या देवीचा कलश आहे, भाऊ?"

"घरचीच आहे," तो म्हणाला, आणि मडकं छातीशी धरून निघाला.

*

आता नेहाचं ऐका. ही इंदूरला कॉम्प्युटरवर काम करणारी, सासर इच्छापूरचं. नवरा अमोल, केळीचा व्यापारी. दुसऱ्या वेळेला सातवा महिना लागला तेव्हा नवरा आणि सासू, दोघांना घेऊन आली. आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाली, "मॅडम, मला वारेची गोळी घ्यायची आहे."

अमोल मोबाईलवर केळीचा भाव बघत होता. मान वर न करता म्हणाला, "कोणत्या वाराला घ्यायची?"

मी फाईलमागे तोंड लपवलं. नेहा हसली नाही. तिनं रील पाहिलं होतं. वार वाफवायची, वाळवायची, दळून कॅप्सूलमध्ये भरायची आणि रोज घ्यायची. म्हणजे बाळंतपणानंतर मन खचत नाही. इंदूरला एक बाई करून देत होती.

मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला कशाची भीती वाटते?"

मग नेहा बोलली. पहिल्या वेळी मुलगा झाल्यावर ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ रडलं की वाटायचं, कुणीतरी याला घेऊन जावं. कुणी नजर काढली, कुणी म्हणालं नाटकं करते. "परत तसं झालं तर मी काय करू?" अमोलनं मोबाईल खिशात ठेवला.

*

मॅडमनी गोळीचा खरोखरच विचार केला, उडवून लावलं नाही. म्हणाल्या, "या गोळीनं मन सांभाळलं जातं असा धड पुरावा नाही. वार नीट शिजली-वाळली नाही तर जंतू राहतात, आणि आईकडून ते बाळापर्यंत गेल्याचं घडलेलं आहे. म्हणून मी घे म्हणणार नाही."

"पण गायसुद्धा खाते ना," नेहा म्हणाली.

सासूबाई, कमलकाकू, पुढे सरकल्या. "खाते. म्हणून तर गाय व्याली की आम्ही तिची वार आधी उचलून घेतो. आणि गाय कडबा बी खाते. उद्या तुला कडबा टाकू का?"

आता नेहाही हसली. मग मॅडमनी पुढचं ठरवलं. तिला सलग झोप मिळेल असं कुणीतरी बाळाला सांभाळायचं. बाळाच्या तपासणीला येताना आईचीही विचारपूस होणार. आणि मन जरा जरी खाली गेलं, तरी लगेच यायचं, लाजायचं नाही. "बोलून बरं वाटलं तर उत्तम. नाहीतर त्यावरही गोळी असते, अंगावर पाजताना चालणारी. ती मी देईन."

"तरी विचार करते," नेहा म्हणाली.

*

बाळंतपणाच्या दिवशी अमोल बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा घेऊन हजर. नेहाचा हो-नाहीचा निकाल लागलेला नव्हता, म्हणून यानं वार इंदूरला न्यायची तयारी ठेवलेली. आमच्या आयाबाई शकीलाबींना वाटलं, पेढ्यांऐवजी आइस्क्रीम आलं. त्यांनी वाट्या काढून ठेवल्या!

मुलगी झाली. सगळं सुखरूप. नेहा म्हणाली, "सिस्टर, वार दाखवा." मी ट्रे समोर धरला. ती कोपरावर उठून वाकली.

"हिनंच नऊ महिने बाळाला जेवू घातलं का?"

"हिनंच," मॅडम म्हणाल्या.

"मग पुष्कळ राबली. हिला आता झोपू द्या."

कमलकाकूंनी ती केळीच्या बागेत पुरली. बर्फ शकीलाबींनी सरबताला वापरला.

*

तरी काही आठवड्यांनी नेहाचं मन पुन्हा खचू लागलंच. पण या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही, फोन केला. कमलकाकू स्वतः तिला घेऊन आल्या. बोलणं सुरू झालं, मॅडमनी औषध दिलं, आणि हळूहळू पोरगी वर आली.

मधल्या काळात एक शेजारीण म्हणाली, "सोन्यासारखं लेकरू झालं, आन् ही रडायच्या गोळ्या खाते?"

कमलकाकू म्हणाल्या, "तू बीपीची खाते. मी कधी विचारलं का तुला, की घरी सगळं चांगलं असताना दाब कशाचा?"

*

आणि हा शेवटचा. एका दुपारी कमलकाकू एकट्याच आल्या. ओपीडी रिकामी झाली होती. मॅडमसमोर बसल्या, पदर नीट केला.

"मॅडम, तुम्ही नेहाला विचारता ना ते, झोप लागते का, रडू येतं का... ते मला विचारा."

"तुम्हाला काही होतंय का, काकू?"

"आता नाही. अमोल झाला तेव्हाचं विचारा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "झोप लागायची?"

"लेकरू झोपलं तरी नाही."

"रडू यायचं?"

"चुलीपुढे. धुराचं नाव करून."

"बाळाला घ्यावंसं वाटायचं?"

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अमोल मोटारसायकलवर बसून त्यांची वाट बघत होता. "नाही वाटायचं," त्या म्हणाल्या.

"कुणाला सांगितलं होतं तेव्हा?"

"आता सांगून राहिली ना."