हवावाल्याचे ठोके

हवावाले बाबा म्हणजे पक्की भित्री भागूबाई! स्कूबा डायव्हिंगच्या दुकानात सिलिंडरमध्ये हवा भरण्यात जन्म गेला, पण स्वतः कधी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेले असतील तर शपथ.

लेक मात्र पाण्यातलीच. तिला समुद्रघोडा बघायचा होता. बोटाएवढा जीव, पाणगवताला शेपूट गुंडाळून बसला की समोर असून दिसत नाही. त्यासाठी बापलेक सकाळीच गाडी काढून निघाले. दर वेळी ती खाली गेली की बाबा होडीच्या लोखंडी शिडीवर पान्याने तीन ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे ताबडतोब वर ये. ढग आला, ठोके. मासा उडाला, ठोके!

"आज ठोकलंत तरी येणार नाही," तिने वाटेतच बजावलं. "लांडगा आला रे आला, किती दिवस ऐकायचं?"

होडी किनाऱ्यापासून थोडी आत नेली. पाणी फार खोल नव्हतं, म्हणून ती एकटीच उतरली. होडीवाल्याने सहज विचारलं, "काका, गाडी बंद केलीत ना?"

बाबा ताडकन उठले. गाडी! बॅटरी मरतुकडी, म्हणून सामान चढवताना ती सकाळी दुकानाच्या शेडच्या दारात चालूच ठेवली होती. आणि तिथेच हवा भरायचं मशीन बाहेरची हवा ओढत होतं. एरवी ते प्रत्येक सिलिंडर हुंगून बघायचे, आज सर्दीने नाक चोंदलेलं. त्यांनी त्याच वेळी भरलेलं दुसरं सिलिंडर होडीवाल्याच्या नाकाशी उघडलं.

"अहो, धुराचा वास येतोय!"

बाबांनी पाना उचलला. जन्मभर नको त्याला भ्यायले, आणि विष आपल्याच हाताने भरून पोरीच्या पाठीवर दिलं! होडीवाल्याने उडी मारली, दम संपला तसा रिकाम्या हाताने वर आला. बाबा वेड्यासारखे ठोकत होते. "ये गं बाई, आज खरंच आलाय लांडगा!" पाणी ढिम्म. शेवटी घामेजल्या हातातून पाना निसटला आणि डुबुक्कन बुडाला. आता ठोकायलाही काही उरलं नाही. बाबा शिडी धरून ढसाढसा रडायला लागले.

तेवढ्यात शिडीपाशी लेकीचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी उपटली आणि भडाभडा ओकली. दोघांनी मिळून तिला होडीत ओढलं.

"ठोके का थांबवलेत?" ती धापा टाकत बाबांवरच ओरडली. "समोर दिसत होता तो समुद्रघोडा! पण ठोके बंद झाले... मला वाटलं, तुम्हीच पडलात पाण्यात!"