व्याहीबुवांचं ऊन

उन्हाला घाबरणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितला, आणि त्या माणसानं जन्म काढायला गाव निवडलं ते एडिनबरा. ते माझे व्याही. माझ्या सुनेचे वडील. कातडीचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत, म्हणजे पगार बंद झाला, डॉक्टरकी नाही. एडिनबरात वर्षभरात जे काही ऊन पडतं ते एका वाटीत मावेल. तेवढ्याशा उन्हासाठी या गृहस्थाच्या घरात क्रीमच्या बाटल्या कुठं कुठं आहेत म्हणाल, तर चपलांच्या रॅकवर, गाडीत, संडासाच्या खिडकीत आणि देव्हाऱ्यात, गणपतीच्या शेजारी. त्यांच्या बायकोनं एकदा फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, "अहो, आमच्या घरात दाराच्या मुठीसुद्धा हातातून सटकतात." माझी बायको आठवडाभर हसत होती.

मी शिकलेला माणूस नव्हे. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. रत्नागिरीकडनं उठून इकडं लंडनला आलो आणि हॅरोजवळच्या एका बेकरीत भट्टीसमोर जन्म घालवला. तेव्हा मुलाला डॉक्टरांची मुलगी मिळतेय म्हटल्यावर मी जरा दबूनच होतो. ईलिंगच्या हॉलमध्ये लग्न लागलं. व्याहीभेटीच्या वेळी यांनी मला मिठी मारली ती सोडीचनात. मला वाटलं, मुलगी द्यायची वेळ आली, गहिवरले असतील बिचारे. मी पाठीवरून हात फिरवला. मागं सनई, समोर फोटोग्राफर, सगळ्यांचे डोळे ओले, आणि माझ्या कानाशी आवाज आला, "व्याहीबुवा, कानामागचा हा तीळ कधीपासूनचा?"

"जन्मापासूनचा."

"वाढतोय का?"

"मुलगा वाढला. तीळ आहे तेवढाच आहे."

तेव्हा कुठं मला सोडलं. फोटो फार छान आलाय. मानपानात शाल आली, नारळ आला आणि नारळाखाली क्रीमची ट्यूब. बायकोनं तीसुद्धा रीतीनं हळदकुंकू लावून कपाटात ठेवली.

आता असा माणूस घरात पडदे लावून बसेल असं कुणालाही वाटेल. पण नाही. यांना नाद स्कीइंगचा. पायाला दोन फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या डोंगरावरून खाली घसरायचं, याला इकडं खेळ म्हणतात. आमच्याकडं पावसात शेणावरून घसरलं की लोक हसायचे तरी. हे दर वर्षी मार्च-एप्रिलात हायलँड्समधल्या डोंगरावर जातात. येतं काही नाही. इतकी वर्षं झाली, अजून त्या बारक्या पोरांच्या उतारावरच असतात. पाच-पाच वर्षांची पोरं यांच्या बाजूनं सुळकन जातात आणि हे मधोमध उभे, हिंगाच्या डबीसारखे घट्ट, तोंड पांढरंफेक. दशावतारातला संकासुर रंग अर्धवट लावून पळून आलाय असंच वाटतं. कानाच्या पाळ्यांना क्रीम, भांगात क्रीम, आणि मुख्य म्हणजे हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालून क्रीम. मी विचारलं, "सूर्य काय नाकात शिरतो?" तर म्हणाले, "बर्फ आरशासारखा असतो व्याहीबुवा. ऊन वरनं येतं आणि खालनंही येतं. आणि जेवढे डोंगरावर चढाल तेवढं जास्त." मी मान हलवली. मान हलवायला शिक्षण लागत नाही.

दर दोन तासांनी यांचं घड्याळ पिंपिं करतं. मग ते जिथं असतील तिथं थांबतात आणि परत लावतात, आणि शेजारी जो असेल त्यालाही लावायला देतात. एकदा एका टकल्या स्कॉटिश माणसाला उतारावर मधेच अडवून म्हणाले, "सर, युवर हेड." त्याला वाटलं डोक्यावर काही पडतंय. तो बसला खाली, मागची दोघं त्याच्यावर. तिघं बर्फात लोळताहेत आणि हे वरून विचारताहेत, "एनी अॅलर्जीज?"

तर दोन वर्षांपूर्वी शरदात माझी बायको गेली. फार काही सांगण्यासारखं नाही. चार दिवस ताप म्हणाली, पाचव्या दिवशी हॉस्पिटल, आणि मग मी एकटा बसनं घरी आलो. तेव्हापासून मी घराबाहेर फारसा पडत नव्हतो. सून म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये आपण सगळे डॅडींबरोबर जायचं. तुम्ही नाही आलात तर मी पण नाही जाणार." ती एडिनबरात वाढली, तिचं मराठी थोडं लंगडतं, पण हट्ट अस्सल मराठी आहे. गेलो.

जाताना खिशात कोकमतेलाचा गोळा घेतला. बायको गावाहून कोकमाच्या बिया आणायची, हॅरोच्या किचनमध्ये कुटायची, उकळायची, आणि वर आलेलं तेल गार होत आलं की मुठीत दाबून गोळे वळायची. सगळ्या गल्लीत वास. भट्टीपुढं माझं तोंड तडकायचं. मी कामावरून आलो की तळव्यावर गोळा चोळून ती माझ्या तोंडाला फासायची, गाडीला वंगण घालतात तशी. "हलू नका, डोळ्यात जाईल." तिच्या हातचा हा शेवटचा गोळा. त्यावर तिच्या मुठीच्या खुणा होत्या, चार बोटांच्या चार खाचा आणि अंगठ्याचा एक खळगा. तो मी लावत नव्हतो. लावला की खुणा जाणार. नुसता खिशात ठेवायचा.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ असं निवळलं की स्कॉटलंडला स्वतःलाच लाज वाटावी. एक ढग नाही. भाड्यानं घेतलेल्या घराच्या दारात व्याही बाटली घेऊन उभे, देवळात तीर्थ देतात तसे. मुलानं लावून घेतलं, सुनेनं लावून घेतलं. माझी पाळी आली तर मी म्हटलं, "मी वैशाखात उघड्या अंगानं शेतं भाजलेला माणूस. ही काळी कातडी आहे. तुमचा हा एप्रिलचा सूर्य माझं काय करणार?"

"कातडी काळी आहे, लोखंडाची नाही," ते म्हणाले.

"मग माझं मी लावतो," म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन गोळ्याच्या खालच्या बाजूनं, जिथं खुणा नव्हत्या, जरासा चोळून तोंडाला लावला. का लावला, कोण जाणे. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडाला काही लावावं हे मला नको होतं. बाहेर आलो तर व्याह्यांनी नाक वर केलं.

"हे काय?"

"कोकमतेल."

"तेलानं ऊन अडत नाही. व्याहीबुवा, तळून निघाल."

मी ऐकलं नाही. ती सगळी घसरायला गेली आणि मी खालच्या कॅफेबाहेर बाकावर बसलो. टोपी काढली, तोंड वर केलं, डोळे मिटले. समोर सगळा पांढरा डोंगर. उबेनं तेल पातळ झालं, त्याचा वास आला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. दिवसभर हललो नाही. व्याही दोनदा वरून हातवारे करून गेले. मी पण हात केला.

चहाच्या वेळेला सून आली आणि ओरडली, "बाबा! तुमचा नाक जळला आहे!" नाकच नव्हे. नाकपुड्या खालून, हनुवटी खालून, पापण्या, सगळं. व्याही म्हणाले होते अगदी तिथं तिथं, जणू नकाशा काढून दिला होता. काळी कातडी विटकरी होऊन भरताच्या वांग्यासारखी सोलायच्या बेतात.

घरी आल्यावर व्याही गार पाण्याचा पंचा घेऊन आले. आता हा माणूस हातात सापडलेला रुग्ण सोडतो थोडाच. मला वाटलं, आता दोन तास भाषण. "आधी हे तेल पुसून काढू," म्हणाले, आणि मी त्यांचा हात झटकला. "पुसायचं नाही." मी गोळा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हे तिच्या हातचं शेवटचं आहे."

लग्नात मंगलाष्टकांच्या मधेही बोलणाऱ्या व्याह्यांनी पंचा खाली ठेवला. त्यांनी गोळा उचलला नाही, नुसता वाकून पाहिला, कानामागचा तीळ पाहिला होता तसा. मग म्हणाले, "विहीणबाईंची मूठ आहे ही."

"हो."

"म्हणून लावत नाही?"

"हो."

"जपून ठेवलात तर खवट होईल. त्यांनी तो बघायला वळला नव्हता." मग पंचा पिळत म्हणाले, "दिवसा माझं ऐकायचं. सूर्य बुडाला की विहीणबाईंचं. आता जळलंय तोवर दोन्ही बंद, फक्त गार पाणी." आणि पंचा माझ्या तोंडावर ठेवला. म्हणाले, "हलू नका, डोळ्यात जाईल." यांना हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशीही तसंच ऊन. अख्ख्या वर्षातला यांच्या नादाचा दिवस. पण मला बाहेर बंदी आणि हे माझ्या राखणीला घरात बसले, पडदे ओढून, कारण काचेतूनही येतं म्हणे. फळ्या दाराशी उभ्या. अंधारात आम्ही दोघं म्हातारे चहा पीत बसलो आणि ते तिच्याबद्दल विचारत राहिले, कुठल्या गावची, बिया कशा कुटायची, रागावली की काय म्हणायची. इतके दिवस मला सगळे विचारत होते की मी जेवलो का.

यंदा त्यांचे गुडघे गेलेत. डोंगर बंद, फळ्या मुलीच्या शेडमध्ये. पण फोन आहे. रोज सकाळी हॅरोत पावसाची रिपरिप चालू असते आणि हा माणूस एडिनबराहून विचारतो, "क्रीम लावलं?" मी म्हणतो, "इथं सूर्य कौन्सिलनं बंद केलाय." तरी लावतो. आणि संध्याकाळी परत फोन. डिसेंबरात चार वाजताच. "व्याहीबुवा, बुडाला. लावा आता."

चारही खाचा गेल्या. गोळा सुपारीएवढा राहिलाय, त्यात फक्त अंगठ्याचा खळगा. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो.

"लावलं?" फोनवर विचारतात.

"लावतोय," मी म्हणतो. "हलू नका."

आणि पलीकडं ते खरंच थांबून राहतात.