ठमाकाकीचं आवतण

ठमाकाकी गेल्याचं मला समोरच्या टॉवरच्या वॉचमनमुळे कळलं. सकाळी अकराच्या सुमारास तो रस्ता ओलांडून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "चाची आज आई नहीं." माझ्या मुलीच्या लग्नाचं आवतण देत काकी आठवडाभर त्या टॉवरमध्ये फिरत होती, सहाव्या मजल्यापर्यंत पोचली होती. मी शेजारी तिच्या घराची कडी वाजवली, मग दार ढकललं... ती झोपेतच गेली होती. कुंकू लावलेल्या अक्षतांचा स्टीलचा डबा उशाशी होता. याला आता दीड महिना झाला.

काकी माझ्या नात्यातली नव्हे, शेजारीण. आमच्या तळोज्याकडच्या गावात लग्नाचं आवतण घरोघर जाऊन, हातावर अक्षता ठेवून देतात, आणि ते काम वर्षानुवर्षं तिचंच. पूर्वी एका सकाळीत गाव संपायचं. मग जमिनी गेल्या, पैसा आला. बैल होते तिथे गाड्या आल्या. काहींच्या गेल्याही, आणि त्यांची मुलं आता कारखान्यात पाळ्या करतात. उरलेल्या जागेत आम्ही चाळी बांधल्या, आणि गाव बघता बघता असं फुगलं, की शाळेच्या वर्गात आमची पोरं शोधावी लागतात. तेव्हा गावकीने बैठक घेऊन ठरवलं, आवतण फक्त मूळ घरांना. काकी मागे बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "भाडं घेताना त्यो गावचा, न जेवाला बोलवताना भायेरचा?" कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही, माझ्याच चाळीत सहा बिऱ्हाडं होती. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

काकीने मग कुणाला विचारलंच नाही. पुढच्या लग्नापासून ती चाळीही करू लागली आणि टॉवरही. वॉचमनने अडवलं, "किसके यहाँ जाना है?"

"सगल्यांकडं," काकी म्हणाली. "तुजी लिफ्ट हाय ना, तिथं आमचं खलं होतं. भात झोडलाय मी तिथं."

पहिल्याच दारात एका बाईंनी, मागायला आलीय असं समजून, तिच्या हातावर दहाचं नाणं ठेवलं. काकीने ते नाणं परत त्यांच्याच हातात दिलं आणि वर चिमूटभर अक्षता ठेवल्या. "मी मागाला नाय, बोलवाला आलेय." त्या बाई हळदीला आल्या. काकीला नेलं त्या दिवशी आमच्या गावकीच्या आधी त्याच अंगणात येऊन उभ्या होत्या.

मुलीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलंय. गावकीतले चौघे परवा मला समजवायला आले. काकी गेली, आता हे थांबव, किती पंगती उठवशील? गाव कुठे राहिलंय आता, असंही म्हणाले. चौघांचीही घरं भाड्यावर चालतात. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, गाव इथेच आहे, तुम्ही दारं लावून बसलात.

काल मी तो डबा घेऊन टॉवरच्या गेटवर गेलो. वॉचमन मला चांगला ओळखतो, तरी नियम म्हणून त्याने वही पुढे केली. नाव, वेळ, कोणाकडे जायचं. मी मागची पानं चाळली. काकीच्या शेवटच्या फेरीच्या ओळीत तिचा अंगठा होता, आणि पुढच्या रकान्यात वॉचमननेच लिहिलेलं, "सब". मी माझ्या नावापुढे "सगल्यांकडं" असं लिहिलं, लिफ्टमध्ये शिरलो आणि सातव्या मजल्याचं बटण दाबलं.