साच्याखालचा हात

आमचा कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. तिथल्या प्रेसवर कायम दोन माणसं लागतात. एकानं ओलसर चामडं साच्यावर ठेवायचं, दुसऱ्यानं दांडा ओढायचा. खालच्या पितळी साच्यात मोर खोल कोरलेला असतो, वरच्या तापलेल्या साच्यात तोच मोर पुढे आलेला. दोन्ही एकमेकांत बसले की मधल्या चामड्यावर मोर उठतो. चपलेच्या पट्ट्यावर, पर्सच्या झाकणावर, कधी मखमलीवरसुद्धा. दांडा ओढण्याआधी ओढणाऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, "हात?" ठेवणाऱ्यानं म्हणायचं, "काढला." दिवसभर, प्रत्येक वेळी. पप्पांनी प्रेस आणली त्या दिवसापासूनचा हा नियम.

मी तो पाळत नव्हते.

मला ओरडता यायचं नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. एकदा वर्गात माझ्या तोंडून ‘मी आलतो’ गेलं. आमच्याकडे बायकाही तसंच म्हणतात. मुली आठवडाभर मला ‘आलतो’ म्हणून हाक मारत होत्या. त्यानंतर मी दोन्ही भाषांत कमीच बोलायला लागले. बी.कॉम. झाल्यावर, नोकरी लागेपर्यंत म्हणून, दांड्यापाशी उभी राहिले आणि दोन वर्षं तिथेच राहिले.

समोर आत्या असायची. पप्पांची थोरली बहीण. तिला गगनबावड्याला दिलं होतं, नवरा गेल्यावर ती परत आली. तिथल्या पावसात कातडं कधी वाळतच नाही, म्हणून की काय, चामड्यातली ओल तिला नुसती गालाला लावून कळायची. जास्त ओलं असेल तर साच्यात करपतं, कोरडं असेल तर मोर चार दिवसांत चपटतो. चपलेवरची चामड्याची वेणीही तीच घालायची. शाहूपुरीतला दुकानदार ढिगातून तिची वेणी काढून वेगळी ठेवायचा. घरात तिचं वजन होतं ते त्या बोटांमुळे, आणि तिला ते माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी "हात?" म्हणाले ते तिला ऐकूच गेलं नाही.

"काय पुटपुटतीस गं? देवाची पोथी वाचाय लागलीयास व्हय?"

मी पुन्हा म्हणाले. तसंच.

"ऱ्हाऊ दे. आमची मड्डम हाय ही. तू बघतीस न्हवं माझ्या हाताकडं? बास झालं. मी काढतो, तू वड."

तेव्हापासून मी नुसतं बघायचे. तिचा हात बाहेर आला की दांडा ओढायचे. पप्पा खोलीत असले की मी ओठ हलवायचे आणि ती जोरात "काढला" म्हणायची. आम्हा दोघींचं ते एक गुपित होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

त्या दिवशी पप्पा माल द्यायला गेले होते. दुपारची वेळ. आत्यानं चामडं ठेवलं, हात काढला. मी बघितलं. मग दांड्याकडे वळले. तेवढ्यात चामड्याचा एक कोपरा उचलला असणार, कारण तो बसवायला तिनं दोन बोटं परत आत घातली. मी विचारलं असतं तर ती "थांब" म्हणाली असती. मी दांडा ओढला.

ती ओरडली नाही. तिनं डाव्या हातानं टेबलावर दोनदा थापटलं, जसं कुणाला तरी उठवावं. मी दांडा सोडला. चामड्यावर मोर अर्धा उठला होता. उरलेला अर्धा तिच्या मधल्या बोटावर होता, पिसाऱ्याच्या रेघा अगदी स्पष्ट. अंगठ्याजवळच्या बोटाचं पुढचं पेर सपाट झालं होतं.

दवाखान्यात ते पेर काढलं. मधलं बोट राहिलं, पण वाकत नाही. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं. आत्या म्हणाली, "माझंच चुकलं. ही इचारत हुती, मीच काढला म्हनलो न् काढला न्हाय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड मिटलं.

एवढ्यावर ते संपेल असं मला वाटलं होतं. पण तिनं स्वतःवर घेतलेली चूक घरात वाढत गेली. पप्पा म्हणाले, हात आत असताना काढला म्हणते म्हणजे आक्काला आता दिसत नाही, भान राहत नाही. त्यांनी तिला प्रेसवरून उठवलं. वेणी तर गेलीच होती. मग तिच्या हातून सुरी गेली, मग दुकानदाराशी बोलणं गेलं. समोर उभं राहायला गल्लीतली एक बाई आली. पप्पांनी आत्याला तपासायला नेलं आणि जवळचं बघायचा चष्मा करून आणला. या वयात डॉक्टर तो कुणालाही देतात. पण ती दिवसभर लावून फिरायची, पप्पांना खरं वाटावं म्हणून. त्यातून लांबचं पुसट दिसतं. उंबरा ओलांडताना ती पायानं चाचपायला लागली. शेजारची बाई म्हणाली, "नजर लईच गेली की हिची." आत्या म्हणाली, "वय झालं बाई." त्याच दिवशी सकाळी मी तिला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवताना बघितलं होतं, डाव्या हातानं, एका दमात.

असे चार महिने गेले. मी रोज दांडा ओढत होते. नव्या बाईला मी मोठ्यानं विचारायचे, इतक्या मोठ्यानं की पहिल्या दिवशी माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. आत्या आत भाकरी थापत ते ऐकत असायची.

शेवटी एका दुपारी जेवताना मी सांगितलं. "पप्पा, आत्याचं चुकलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी कधीच विचारत नव्हते."

पप्पांचा घास हातातच राहिला. आत्या चुलीपाशी बसूनच म्हणाली, "काय बी बोलाय लागलीया. जेवा गप."

"आक्का, खरं हाय का हे?"

"खरं घिऊन काय लोणचं घालतोस? पोरगी कुठंतरी द्यायची हाय का न्हाय तुला? आत्याचा हात चेचला म्हणून गावभर नाव करतोस व्हय तिचं?"

पप्पांनी हातातला घास खाल्ला. ताट धुऊन ठेवलं, जे ते कधी करत नाहीत. मला म्हणाले, "दांड्याला हात लावायचा न्हाय आता तू." त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आत्याचा चष्मा डबीत घालून फळीवर ठेवला आणि तिच्यापुढे भर घालायच्या कामाचा ट्रे आणून ठेवला.

मोर उठला की पाठीमागून तो पोकळ असतो. त्या पोकळीत चामड्याचा भुगा आणि डिंक कालवून दाबून भरायचा, नाहीतर वापरात मोर चपटतो. काम सोपं दिसतं, पण भर किती बसली हे बोटाच्या टोकालाच कळतं. आत्याला ते टोक नव्हतं. ती अंगठ्यानं दाबायची, आणि पिसाऱ्याच्या बारीक रेघांत अंगठा जात नाही. तिचे तुकडे वरून छान दिसायचे. नखानं दाबले की आत जायचे.

ती आंघोळीला गेली की मी ते उकरून पुन्हा भरायचे. तीन दिवस तसं केलं. माल नीट जात होता, आत्या खुशीत होती, पप्पा नव्या बाईला म्हणाले, "आक्काचा हात बसला बघ." चौथ्या दिवशी ती बाहेर यायच्या आत मी तिच्या जागेवर बसले, पहिला तुकडा उचलला आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करते आहे. बोलायचं टाळून नुसतं बघून घेते आहे.

ती आली तेव्हा मी तुकडा हातात धरून तिथेच होते.

"आत्या, हे बसलेलं नाही."

"कुठं?"

मी तिचा डावा हात धरून बोट त्या जागेवर ठेवलं. तिनं दाबलं. मग दुसरा तुकडा, तिसरा.

"आन् कालचे?"

"ते मी परत भरले. पहिल्या दिवसापासूनचे सगळेच."

तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तीन दिवस मला येड्यात काढलंस. प्रेसवर तरी चुकून झालं हुतं."

मी हातातला तुकडा ट्रेमध्ये ठेवला.

तिनं सगळा ट्रे पालथा घातला, टाचणी घेतली आणि भर उकरायला लागली. मी हात पुढे केला तो तिनं मनगटानं बाजूला सारला. मग डाव्या हाताच्या बोटानं, चिमूट चिमूट, नव्यानं भरायला बसली. डावा हात या कामाला सरावलेला नव्हता. डिंक वाळायचा, पुन्हा ओला करावा लागायचा. संध्याकाळी तिनं एकेक तुकडा माझ्यासमोर धरला आणि मी नखानं दाबून सांगत गेले. बसला. नाही बसला. नाही. नाही.

चौदातले पाच बसले होते. ते तिनं वेगळे ठेवले. उरलेले नऊ पदराखाली घेतले आणि म्हणाली, "उद्या बघतो. तू हात लावू नगंस."