धुराचं झाकण

आमच्या ह्यांना सगळी गल्ली भुसाकाका म्हणायची. पन्नास वर्षं लेथवर लाकूड कातलं, मग माणसाच्या भुवयांतसुद्धा भुसा बसणारच. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, ह्यांचे केस अवेळी पिकलेत. चोळून चोळून न्हाऊ घातलं तेव्हा कळलं, नवरा तरुण आहे.

पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, भोवरे, काय वाटेल ते कातायचे. पण लाख दिल्याशिवाय एक वस्तू दुकानातून गेली नाही. लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबायची, ती तापून वितळते आणि लाकूड आरशासारखं होतं. कांडी धरायचं काम माझं. "उघडं लाकूड आणि उघडं माणूस दाराबाहेर जाऊ देऊ नये," असं हे म्हणायचे.

भुशानं आधी ह्यांचं नाक खाल्लं. दूध करपून भांडं काळं झालं तरी पत्ता नसायचा. मग फुप्फुसं गेली. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "आजोबा, आत चिखल झालाय. आता लेथला हात लावलात तर मी जबाबदार नाही." दुकानाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला.

मुलगा आम्हाला एकच. बापाचा भुसा नको म्हणून हॉटेलात कामाला लागला आणि बारच्या काउंटरमागे उभा राहून पेयं मिसळायला लागला. ह्यांचे वडील दारूपायी गेलेले. "माझ्या बापाला जिनं खाल्लं, ती तू लोकांना वाढतोस?" एवढं बोलून ह्यांनी तोंड फिरवलं, ते बारा वर्षं. दोघं एकाच गावात, पण आमच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नाही. मी मधली निरोप्या. निरोप तरी कसले? तो विचारायचा, "खोकला कसा आहे?" हे विचारायचे, "अजून ओततोच का?"

नात मात्र यायची. कॉलेजात जाते, जीभ आजोबांचीच. एके दिवशी ह्यांच्या पुढ्यात फोन धरून म्हणाली, "बाबा स्वतःचा बार काढतोय. हे बघा काय निघालंय. ग्लासवर लाकडी झाकण ठेवायचं, मधल्या भोकात जाळी, जाळीवर लाकडाचा चुरा. वरून ज्योत लावली की धूर खाली पेयात उतरतो."

"धूर पितात?"

"चवीसाठी हो, आजोबा."

"मी पन्नास वर्षं पितोय. मला कोणी चव विचारली नाही."

पण फोन काही परत देईनात. नाकाजवळ नेऊन बघितलं. "कातलेलं आहे. कडा कच्ची ठेवलीय गाढवानं." नात गेली तसा माझ्यापुढे हात पसरला. "किल्ली दे."

"डॉक्टरीण काय म्हणाली, आठवतंय ना?"

"अगं, एवढंसं तर झाकण. त्याच्या दुकानात मी जाणार नाही. पण माझ्या हातचं काहीतरी तिथं असू दे. तेवढं झालं की कुलूप."

मी किल्ली दिली.

अक्रोडाच्या जुन्या खुर्चीचा हात होता, तो कापला. अर्धा तास कातायचं, तासभर धापा टाकायच्या. चौथ्या दिवशी झाकण हातात आलं, ग्लासच्या तोंडावर टिच्चून बसणारं. मी बाहेरून लाख दिली. हे म्हणाले, "आतूनही." मी बारीक कांडी भोकात घातली. तिथं उद्या ज्योत लागणार, हे दोघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. लाख द्यायची म्हणजे द्यायची.

नातीनं निरोप पोचवला आणि मुलगा आला. कानशिलं पांढरी झालेली. ह्यांनी 'ये' म्हटलं नाही, झाकणच पुढे केलं. "पेटव. बघू दे."

त्यानं पिशवीतून ग्लास, बाटली, चुरा काढला आणि ज्योत लावली. धुराबरोबर जळक्या केसांसारखा वास सुटला. आतली लाख जळत होती. ह्यांना वास कुठला? डोळे मोठे करून बघत होते. "कसा उतरतोय, बघ. पाण्यासारखा!"

मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास एका दमात घशाखाली घातला. डोळ्यांतून पाणी आलं.

"कसं झालंय?"

"बाबा, असलं कुठंच मिळायचं नाही."

हे हसले. बारा वर्षांनी. आणि लगेच म्हणाले, "एकानं काय होतंय? सहा तरी लागतील."

"नको हो बाबा, एक पुरे."

"गप्प बैस. धंदा मला शिकवू नकोस."

दारात मुलगा मला म्हणाला, "आई, आतली लाख जळते. विषारी आहे, गिऱ्हाइकाला देता यायचं नाही. तू सांग त्यांना."

"सांगते."

सांगितलं नाही. आता तो दर रविवारी येत होता, ह्यांच्याशेजारी बसत होता. बापलेक जाळी केवढी हवी यावर भांडायचे, आणि ते भांडण ऐकायला मी स्वयंपाक टाकून दारात उभी राहायची. रोज म्हणायची, उद्या सांगते. आयुष्यभर माझी जीभ आवरली नाही, ती तेव्हा आवरली.

दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला रुमालावर रक्त आलं. मी कांडी धरत राहिले. पाचवं तर इतकं चकाकलं की त्यात तोंड दिसावं.

सहाव्याच्या दिवशी मी भांडी घासत होते. लेथ फिरत होता, पण पटाशी लाकडाला लागल्याचा आवाज येईना. जाऊन बघते तर ह्यांनी बाकावर डोकं टेकलेलं, आणि झाकण आपलं फिरतंय.

माणसं येऊन गेली. मग मुलगा आणि मी दुकान आवरायला गेलो. त्यानं लेथवरचं झाकण सोडवलं. कातून पुरं झालेलं होतं, लाखच राहिली होती. माझा हात आपोआप कांडीकडे गेला.

त्यानं माझं मनगट धरलं. "राहू दे, आई. हेच एक कामाचं आहे."

"तेव्हाच सांगायला हवं होतं रे."

"मलाही तोंड होतं, आई."

त्यानं झाकण ग्लासवर ठेवलं, भोकात जाळी बसवली, त्यात जमिनीवरचाच थोडा भुसा टाकला आणि पेटवला. या वेळी वास चांगला आला, कापलेल्या अक्रोडाचा. धूर संपेपर्यंत आम्ही दोघं तिथं बसलो. एकमेकांकडे मात्र पाहिलं नाही.