साहेबिणीकडून एका दिवसाची रजा

गल्लीतल्या दूधवाल्या मावशीला जन्मात एकच साहेब भेटला, तोही म्हशीच्या रूपात. नोकरदार माणूस साहेबाला शिव्या घालत का होईना, वर्षाकाठी चार दिवस सुटी काढतो. मावशीच्या नशिबी ती सोय नव्हती. सकाळची धार तिनंच काढायची आणि संध्याकाळचीही तिनंच. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ही बया पान्हा चोरायची. दूध आत भरलेलं, सड टरारलेले, आणि पिळणाऱ्याला घाम फुटला तरी बादलीचा तळ कोरडा. वर शेपटीचा एक फटका तोंडावर. म्हणून तिचं नाव साहेबीण.

हे नखरे आहेत म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नव्हतं. मावशीची थोरली बहीण वारली तेव्हा मावशी एक रात्र बाहेर राहिली. परतली तर म्हशीची कास दगड झालेली आणि एका सडातून रक्त. गुरांचा डॉक्टर म्हणाला, "बाई, पुन्हा असं झालं तर हा सड गेलाच म्हणून समजा." तेव्हापासून मावशीचं जग दोन धारांच्या मधे मावेल एवढंच राहिलं. मोठं शहर त्यात मावत नव्हतं. सकाळची धार उरकून निघालं तरी संध्याकाळच्या धारेला परत पोचणं शक्य नव्हतं.

आणि मावशीला तर शहरात जायचं होतं. शहर बघायला नाही, मासा बघायला.

तिचा बाप नदीवर नाव चालवायचा. लहानपणी ती नावेच्या कडेला पालथी पडून पाण्यात बघत राहायची. मासे दिसायचे, पण वरून. काळी पाठ यायची, वळायची, गडप व्हायची. बाजारात दिसायचे ते मेलेले. एकदा तिनं बापाला विचारलं, "जिवंत मासा खालून कसा दिसतो?" बाप म्हणाला, "ते बुडणाऱ्याला विचार." विषय तिथंच संपला होता. पण पुढं लग्न झालं, मुलगा झाला, सून आली, आणि एके सकाळी नर्सबाईकडं दूध घालताना मावशीनं भिंतीवर एक चित्र पाहिलं. मोठ्या शहरातलं मत्स्यालय. काचेचा बोगदा, त्यातून माणसं चाललेली, आणि त्यांच्या डोक्यावरून मासे.

"डोक्यावरून?" मावशीनं माप हातातच धरून विचारलं. "आणि काच फुटली तर?"

"फुटली तर आपण मासे," नर्सबाई म्हणाल्या. "मावशी, दूध सांडतंय."

त्यानंतर घरातली माणसं आपापल्या कामानं शहरात जाऊन आली. मुलगा गेला, सून गेली, नवराही एकदा जाऊन आला. ते बोगद्यातही शिरले. मावशी घरी राहून वाट बघायची आणि ते आले की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "मासे कसे होते?" मुलगा म्हणायचा, "आई, गर्दी काय विचारू नकोस." आता तिनं गर्दीचं कुठं विचारलं होतं? सांगणाऱ्याला सांगता येत नसलं की ऐकणाऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, हे तिलाच ठाऊक.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. मुलगा एका कारखान्याची व्हॅन चालवायचा, आणि मालकानं सुटीच्या दिवसापुरती ती व्हॅन त्याला घरच्यांसाठी दिली होती. संध्याकाळी सगळे खोलीत जमले आणि बेत शिजायला लागला.

"आधी मनोरा," मुलगा म्हणाला. "वरून अख्खं शहर दिसतं."

"वर जाऊन खालचं बघायचं, तर खालीच राहावं की," सून म्हणाली. "मला बाजार पाहिजे. आणि पोरीला प्राणी दाखवायचेत."

"सरकता जिना!" पोरगी म्हणाली. तिला प्राण्यांचं काही नव्हतं.

मावशीचा नवरा कोपऱ्यात नखांतलं ग्रीस काढत बसला होता. त्याचं पंक्चरचं दुकान. "तिथं जुन्या इंजिनांचं म्युझियम आहे," तो म्हणाला. "वाफेची इंजिनं. गेल्या खेपेला तिकिटाची खिडकी बंद झाली होती."

मावशी भांडी पुसत होती. "मासे शेवटी ठेवा," ती म्हणाली. "म्हणजे घरी येऊन सांगेपर्यंत ताजे राहतील."

सून एकदम थांबली. "या वेळी आई येणार. त्या नसतील तर मीही नाही."

"मग साहेबिणीलाही घे गाडीत," मुलगा म्हणाला. "पुढच्या सीटवर, खिडकीजवळ बसवू."

"ती बसेल," नवरा म्हणाला, "पण ड्रायव्हर आवडला पाहिजे."

हसून झालं. पण सून हट्टाला पेटली होती, आणि तिचा हट्ट म्हणजे ओल्या दोरीची गाठ. दुसऱ्याच दिवशी तिनं सासऱ्याला कामाला लावलं. मावशीची जुनी शाल त्याच्या अंगावर, मावशीचा रुमाल डोक्याला, आणि पंक्चरवाले गोठ्यात दाखल. शेजारचा शिंपी कुंपणावरून बघत होता.

"काय पंक्चरवाले, माप घेऊ का? जरा घट्ट होतंय खांद्यात!"

"तू तुझं मशीन चालव!"

साहेबिणीनं शाल हुंगली. मग मान वळवून शालीच्या आतल्या माणसाकडं असं बघितलं, जसं खोटी सही पकडलेल्या कारकुनानं बघावं. थेंब आला नाही. त्या आठवड्यात पंक्चरवाल्यांनी दोन फटके आणि एक लाथ खाल्ली. बिचाऱ्याची बोटं मात्र तयार झाली. मावशीनं शेजारी बसून त्याला अंगठा कुठं ठेवायचा, किती दाबायचं, सगळं शिकवलं. पण ती शेजारी असेपर्यंतच दूध उतरायचं. ती उठली की बंद.

"हिला शाल नको, बाई पाहिजे," नवरा वैतागून म्हणाला.

सुनेच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "आई, धार काढताना तुम्ही तिच्याशी बोलता ना?"

"कुठं काय. आपलं हां, हूं."

हे काही खरं नव्हतं. मावशी धारेच्या वेळी म्हशीच्या कुशीला डोकं लावून अखंड बोलायची. पण त्या वेळी गोठ्यात कुणी शिरलं की ती नुसतं 'हां, हूं'वर यायची, म्हणून कुणी कधी ते ऐकलंही नव्हतं.

"मग तुमचा आवाज फोनमधे भरून घेऊ," सून म्हणाली.

सुनेनं सासऱ्याचा फोन खुंटीला टांगला. पहिल्या दिवशी मावशी लग्नात फोटोला बसावी तशी ताठ बसली. "हां. चल. दूध दे, बाई. सुनबाई, चालू आहे का गं हे?" म्हशीनं त्या दिवशी मावशीपासूनसुद्धा पान्हा चोरला. सून म्हणाली, "मी रोज टांगत जाईन. तुम्ही विसरून जा." आणि गंमत म्हणजे चार-सहा दिवसांत मावशी खरंच विसरली.

जायच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा ठरली. मावशीला गोठ्याच्या पत्र्यामागं उभं केलं, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, म्हणजे साहेबिणीला वास लागायला नको. नवरा शाल पांघरून बसला. सुनेनं फोन गव्हाणीवर ठेवला आणि बोट लावलं.

"सरक. सरक म्हणते ना, भवाने. पाय घे." पत्र्यापलीकडून मावशीला तिचाच आवाज ऐकू आला. "आज नर्सबाईकडं गेले होते. ते चित्र काढलं गं त्यांनी भिंतीवरचं. म्हटलं मला द्या, तर म्हणे मावशी, फाडून टाकलं. असू दे."

 हा दिवस कुठला, तिला आठवला. पुढं काय काय बोललो तेही आठवलं. ती पत्र्यावर हात आपटणार होती, पण आपटला असता तर म्हैस बुजली असती.

"हे शाल घेऊन बसतात, पण तू काही सोडायची नाहीस यांना. जातील सगळे. बघून येतील. मागच्या खेपेला यांना विचारलं, मासे कसे होते, तर म्हणाले, ओले होते. सगळे हसले. मीही हसले. मग इथं तुझ्यापाशी येऊन काय केलं ते तुला माहीत आहे. मला, बाई, मनोरा नको न बाजार नको. त्या काचेखाली उभं राहायचं, यांच्या शेजारी. यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण उभं राहायचं तर यांच्याच शेजारी. दुसऱ्या कुणाच्या नाही. दे गं. सोड आता."

आणि साहेबिणीनं पान्हा सोडला. रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी, मग आवाज भरदार होत गेला.  मुलगा टायरमधली हवा बघायला म्हणून बाहेर सटकला. सून पदरानं नाक पुसत बसली. पत्र्यामागं मावशीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एवढं उघडं तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

नवरा भरली बादली घेऊन बाहेर आला. शाल तशीच अंगावर. बराच वेळ दुधावरच्या फेसाकडं बघत राहिला.

"मी ओले होते म्हणालो होतो?"

"म्हणाला होतात."

"हं." त्यानं बादली खाली ठेवली. "तू जा उद्या. माझ्या हाताला सोडलं तिनं."

"आणि तुम्ही?"

"मी गेलो तर पिळायचं कुणी? फोनला हात आहेत का?"

मावशीच्या तेव्हा ध्यानात आलं. काच मिळाली आणि शेजार गेला. "मग मी नाही जात," ती म्हणाली. रागानंच म्हणाली, पण राग कुणावर काढायचा ते कळेना. म्हशीवर काढावा तर तिनं तर आज ऐकलं होतं.

"आता नाही म्हणालीस तर सकाळी हिला बाजारात उभी करतो," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं वाट बघितलीस. माझ्या वाटचंही बघून ये."

मावशी गेली. मनोऱ्यावर गेली, तिथं तिचे कान बंद झाले. सरकत्या जिन्यावर पोरीनं तिचा हात धरला, तिनं पोरीचा धरला नव्हता. इंजिनांच्या म्युझियममधे कुणालाच जायचं नव्हतं, तर मावशीनंच सगळ्यांना ओढत नेलं. एकेका चाकाला हात लावून बघितला. रखवालदार ओरडला तेव्हा म्हणाली, "यांना सांगायचंय, गार असतं का ऊन." दुपार कलली तसे तिचे तळहात शिवशिवायला लागले. घरी धारेची वेळ होत आली होती.

मग बोगदा आला.

आत निळा अंधार होता. माणसं पुढं सरकत होती, आणि मावशी मधेच थांबली. काचेवरून एक मासा आला, रुंद, सपाट, अंथरलेल्या चादरीएवढा. त्याचं पोट पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या आत गुलाबी. त्या पोटावरच तोंड होतं, आणि ते हळूहळू उघडत मिटत होतं.  तिनं डावीकडं बघितलं. डावीकडं एक परकी बाई फोटो काढत होती.

"सुनबाई, यांना फोन लाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

सुनेनं लावला. बराच वेळ वाजला, मग नवऱ्याचा आवाज फाटल्यासारखा आला. "आत्ता कशाला केलास! तुझा आवाज बंद पडला न् हिनं पान्हा ओढून घेतला! अर्धी कास भरलेली आहे!"

"अगं बाई! ठेवू का?"

"ठेवू नको! दोन्ही हात दुधानं माखलेत, कोपरानं कसाबसा स्पीकरवर उचललाय. ते आता या हातांनी परत चालू होत नाही. तूच बोल!"

"इथं? काय बोलू?"

"रोज काय बोलतेस? माझ्याशी नको बोलू. तिच्याशी बोल."

मागून गणवेशातला माणूस म्हणत होता, "बाई, पुढं चला, गर्दी करू नका." मावशीनं त्याच्याकडं पाठ केली आणि फोन तोंडाशी धरला.

"ए भवाने," ती म्हणाली. शेजारची माणसं वळून बघायला लागली. "पाय घे. मी आले बघ इथं. वर मासा आहे गं. पोट कसंय म्हणशील, तर तू नुकती व्यालेली असताना तुझी कास व्हायची ना, तसं. तसंच मऊ दिसतंय. हात लावावा वाटतो, पण मधे काच आहे. श्वास घेतो तो, तो पोटावर दिसतो. वरून नाही गं दिसत श्वास. वरून नुसती पाठ." ती थांबली. "हे हवे होते गं इथं."

 मग फोनमधून लांबून बादलीचा आवाज यायला लागला, आधी थांबून थांबून, मग सलग. त्या आवाजाच्या वरून नवरा बोलला, पण मावशीशी नाही.

"ऐकलंस का, साहेबिणी? तिला म्हणावं, पुढं सांग. शेपटीचं राहिलं."

मावशीनं मान वर केली.

"थांबा," ती म्हणाली, "आणखी एक मोठा येतोय."