रोमचे दत्तक आणि आमचे अध्यक्ष

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळात तेव्हा डॉक्टर होते, इंजिनिअर होते आणि मी होते. मी रोमन सम्राटांवर पीएच.डी. करत होते. कोणत्या सम्राटानंतर गादी कोणाला आणि का मिळाली, हा माझा विषय. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे वळून विचारायचा, "आणि तुम्ही?" नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, म्हणून आमच्या घराची अब्रू वाचायची.

मंडळाचे अध्यक्ष एक हार्टचे डॉक्टर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मंडळ त्यांनीच काढलं, घटना त्यांनीच लिहिली, आणि त्या घटनेत अध्यक्षाची मुदत लिहायची तेवढी राहून गेली. दर वर्षी सभेत ते म्हणायचे, "आता नव्या माणसांनी पुढे यावं." कोणी खरंच पुढे आलंच, तर त्याच्याकडे असे बघायचे की तो मुकाट्याने जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. त्यांना दुखवायची कोणाची छाती नव्हती. निम्म्या मंडळाचं ब्लडप्रेशर तेच बघत होते.

परदेशात नातेवाईक कमी पडतात, म्हणून आमच्यात नाती मानायची पद्धत होती. कोणी मानलेला भाऊ, कोणी मानलेली मावशी. काकांनी मला मानसकन्या केलं, तेही गणपतीच्या स्टेजवरून, माइक हातात घेऊन. त्यानंतर हॉल बुक करणं, नाटकाच्या तालमी, चर्चच्या तळघरातली रविवारची मराठी शाळा आणि हॉलभर माणसांना पुरेल एवढं सावर क्रीमचं श्रीखंड, असं सगळं मानसकन्येच्या वाट्याला आलं. "माझ्यानंतर हे सगळं तुझंच," काका म्हणायचे. आणि खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. युनिव्हर्सिटीत मला कुत्रं विचारत नव्हतं. निदान इथे तरी पहिल्या रांगेत बसायला मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका वर्षी काकांनी खरोखरच निवृत्त व्हायचं ठरवलं. सभेआधी मी भाषण करावं, असं त्यांनीच सुचवलं. "अगं, तुझ्या त्या रोमवर बोल. पण लाइट ठेव हं, लोक जेवायचे असतात."

मी लाइट ठेवलं, पण नेम धरून. सांगितलं, की रोमच्या लागोपाठ चार सम्राटांना गादीवर बसवायला पोटचा मुलगा नव्हता. त्यामुळे नाइलाजाने त्यांना अक्कल वापरावी लागली. प्रत्येकाने एक लायक, जाणता माणूस शोधला, त्याला दत्तक घेतलं आणि राज्य त्याच्या हाती दिलं. रोमचे तेच दिवस बरे गेले. पाचवा सम्राट मोठा तत्त्वज्ञ होता, पण त्याला मुलगा होता. झालं! तत्त्वज्ञान गेलं चुलीत आणि गादी गेली मुलाकडे. हे चिरंजीव राज्यकारभार सोडून आखाड्यात उतरले, स्वतःला देव म्हणवू लागले आणि शेवटी आपल्याच माणसांच्या हातून मेले. त्यानंतर काही महिन्यांतच शिपायांनी रोमची गादी लिलावात काढली. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने काका हसले.

मग ते उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आज माझ्या मानसकन्येने माझे डोळे उघडले," ते म्हणाले. मी पदर सारखा केला. "रोम का बुडालं? मुलाला वेळेवर ट्रेनिंग दिलं नाही म्हणून! ती चूक मी करणार नाही." आणि त्यांनी आपल्या मुलाला स्टेजवर बोलावलं.

हा मुलगा शिकागोला मेडिकलला होता आणि आईच्या हातचं खायला घरी आला होता. तो जिलबीची प्लेट घेऊनच उभा राहिला. "डॅड, आय लिव्ह इन शिकागो!"

"चार तासांचा तर ड्राइव्ह आहे," काका माइकवर म्हणाले. "वीकेंडला येत जाईल. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. माझ्या नवऱ्याचाही गेला. त्याचंही ब्लडप्रेशर काकांकडेच होतं.

मला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. रोमला तरी काय बोल लावणार? तिथे दत्तक घेऊन गादीवर बसवले ते सगळे पुरुषच. पहिल्या सम्राटाला एकच मुलगी होती. वारस मिळावा म्हणून त्याने तीन वेळा तिची लग्नं लावली, आणि ती डोईजड झाल्यावर तिला एका बेटावर नेऊन टाकलं. तिलाच गादी द्यावी, हे रोममध्ये कोणाच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं तिच्याबद्दल वाचून ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

सभेनंतर मी हॉलच्या किचनमध्ये श्रीखंडाचं पातेलं खरवडत होते. शेजारी काकू, म्हणजे अध्यक्षीणबाई, पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी विसळत होत्या. काका आत आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, तो आपला नावाला. चालवायचं सगळं तुलाच. आणि दिवाळीचं त्याचं भाषण तेवढं इंग्लिश अक्षरांत लिहून दे. त्याला मराठी वाचता येत नाही."

"काका, मी तुमची मुलगी ना?"

"म्हणजे काय! सख्ख्या मुलीपेक्षा जास्त."

"मग मुलगी सासरी चालली," मी म्हटलं आणि हॉलच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. "आता तुमचं तुम्ही बघा."

काकूंनी नळ बंद केला. "जाताना मलाही घेऊन जा गं," त्या म्हणाल्या.

काका हसले. त्यांना वाटलं, काकूंनी चेष्टा केली. काकूंनी हात पुसले, खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घातला.